बर्गनचे चार ऋतू आणि तपोवनची वाट

नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे बर्गन हे शहर मी चार वेळा पाहिले, आणि योगायोगाने चारही वेळा वेगळ्या ऋतूत. मुलगी-जावई नोकरीसाठी तिकडे राहतात. पहिल्यांदा गेलो तो जून होता, दुसऱ्यांदा ऑक्टोबर-नोव्हेंबर, तिसऱ्यांदा ऐन जानेवारी-फेब्रुवारी आणि शेवटच्या खेपेला मे. फ्योर्डमधली बोटीची सफर, फ्लोयेनच्या डोंगरावर १९१८पासून चढणारी दोरगाडी, बंदरावरची रंगीत लाकडी घरे यांवर दिवाळी अंकांतून पुष्कळ लिहून झालेले आहे, त्यात भर घालण्याचा विचार नाही. मला सांगायचे आहे ते रेल्वे स्टेशनपासून जवळच असलेल्या एका जुन्या लाकडी इमारतीबद्दल. तिचे आमच्या अमरावतीशी नाते आहे. ते कसे, हे मला चार खेपांमध्ये थोडेथोडे करून कळले.

आधी हवामानाचे सांगून टाकतो, कारण वऱ्हाडातल्या माणसाला तिथे पहिला धक्का त्याचाच बसतो. आपल्याकडे वर्षाला सात-आठशे मिलिमीटर पाऊस पडला तर कपाशी-तुरीचे बरे होते, आणि तोही चार महिन्यांत आटोपतो. बर्गनला वर्षाला सव्वादोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो बाराही महिने पडतो. भोवती सात डोंगर, समोर अटलांटिक. समुद्रावरचे ओले वारे डोंगरांना धडकतात आणि तिथेच रिकामे होतात. २००६च्या ऑक्टोबरअखेरीपासून पुढच्या जानेवारीपर्यंत सलग ८५ दिवस तिथे पावसाने एकही खाडा केला नव्हता. मात्र शहर साठाव्या अक्षांशावर असूनही समुद्रातल्या उबदार प्रवाहामुळे हिवाळ्यात पारा शून्याच्या आसपासच रेंगाळतो. अकोल्याच्या मे महिन्यात पंचेचाळीस अंश सोसलेल्या माझ्यासारख्याला ती थंडी फारशी जड गेली नाही. जड गेला तो अंधार. त्याबद्दल पुढे येईलच.

अमरावतीचा आणि स्कँडिनेव्हियाचा संबंध म्हटला की आमच्या पिढीला श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आठवते. १९४९ साली स्टॉकहोमच्या लिंगियाड या व्यायाम महोत्सवात मंडळाचे पथक गेले होते, त्याच्या गोष्टी लहानपणी ऐकल्या होत्या. तो संबंध अभिमानाने सांगण्याचा. मला सापडलेला दुसरा संबंध लोक सहसा सांगत नाहीत.

पहिल्या खेपेला जून होता. रात्री अकरा वाजून गेले तरी सूर्य मावळायचे नाव घेत नव्हता आणि पहाटे चारला पुन्हा हजर. झोप लागेना म्हणून मी वेळीअवेळी पायी भटकत असे. गावच्या मध्यभागी एक अष्टकोनी तळे आहे, तिथून स्टेशनकडे जाताना रस्त्याकडेला एक पांढरे लाकडी देऊळवजा चर्च आणि त्याला लागून एक बैठी, जुनाट, लांबच लांब इमारत दिसली. दुसऱ्या दिवशी मुलीला घेऊन गेलो. पाटीवर इंग्रजीतही लिहिले होते. ते कुष्ठरोग्यांचे रुग्णालय होते, सेंट यॉर्गनचे. आता संग्रहालय.

या रुग्णालयाचा उल्लेख पंधराव्या शतकाच्या सुरुवातीपासून सापडतो. म्हणजे आपल्याकडे बहामनी राज्य होते तेव्हापासून. सध्याच्या इमारती १७०२च्या मोठ्या आगीनंतर बांधलेल्या. आत गेले की मध्ये उंच छताचे एक मोठे दालन लागते आणि त्याच्या दोन्ही अंगांना, दोन मजल्यांवर, ओळीने छोट्या छोट्या खोल्या. खोली म्हणजे काय, आपल्याकडच्या वाड्यातली कोठीची खोली असते तेवढी. एका खोलीत दोघे, कधी तिघे. पलंग, एक छोटे कपाट, बस. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला या एवढ्याशा जागेत दीडशेहून अधिक माणसे राहत होती. स्वयंपाकघर सामायिक, आपापले शिजवायचे. हात शाबूत असलेला हात झडलेल्याचे शिजवून देई. ज्यांना बाहेर पडता येई ते हाताने केलेल्या वस्तू बाजारात नेऊन विकत. १८१६ साली इथल्या वेल्हावेन नावाच्या पाद्र्याने एकेका रुग्णाची चौकशी करून त्याचे वय, गाव, रोग कसा सुरू झाला आणि आज अवस्था काय, हे लिहून काढून छापले. तो पाद्री डॉक्टर नव्हता, पण आपल्या चर्चमध्ये रविवारी समोर बसणारी माणसे कोण आहेत हे लोकांना कळावे, एवढी त्याची धडपड दिसते.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. युरोपात कुष्ठरोग मध्ययुगाबरोबर बहुतेक ठिकाणांहून हटला, पण नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर तो टिकून राहिला आणि एकोणिसाव्या शतकात उलट वाढला. रोगी बहुतेक किनाऱ्यावरचे गरीब शेतकरी-कोळी. खडकाळ जमिनीचा तुकडा आणि मासेमारी यांवर जगणारे. सगळे घर एका खोलीत, एकाच अंथरुणात दोघे-तिघे, अंगावर ओले लोकरीचे कपडे. बर्गनमध्ये कुष्ठरोगाची तीन मोठी रुग्णालये उभी राहिली होती. एका काळी युरोपातले सर्वाधिक कुष्ठरोगी या एका शहरात एकवटले होते.

खोल्या पाहून बाहेर आलो. उजेड इतका होता की डोळे दिपत होते. मुलीने सहज विचारले, ‘‘बाबा, आपल्याकडे कुणाला होता का हो हा रोग?’’

मी म्हटले, ‘‘नाही.’’

ते खोटे होते. माझ्या आजोबांना एक धाकटा भाऊ होता. दर्यापूरकडच्या आमच्या गावी घरच्या बोलण्यात त्यांचा विषय निघाला की ‘काशीला गेले’ एवढेच वाक्य येई आणि कोणीतरी दुसरे काही बोलू लागे. मला दहाव्या-बाराव्या वर्षी चुलतभावाने सांगितले की ते काशीला नाही, तपोवनात गेले. कापूस विकून झाल्यावर, पौषातल्या एका पहाटे बैलगाडीतून. तेव्हापासून मलाही ते माहीत होते आणि मीही ‘काशीला’च म्हणत आलो होतो.

अमरावतीच्या लोकांना तपोवन सांगायला नको, बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आज जिथे विद्यापीठ आहे त्या भागात, शहराबाहेरच्या तेव्हाच्या उजाड माळावर डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी ही कुष्ठरोग्यांची वसाहत उभी केली. पटवर्धन मूळचे जमखंडीकडचे, जन्म १८९२चा. व्यवसायाने होमिओपॅथ, वृत्तीने स्वातंत्र्यसैनिक. स्वातंत्र्याच्या तोंडावर, चाळीसच्या दशकाच्या उत्तरार्धात, त्यांनी विदर्भ महारोगी सेवा मंडळ काढले आणि जगदंबा कुष्ठनिवास सुरू केला. लोक त्यांना दाजीसाहेब म्हणत. नुसते मलमपट्टी करून बसवून ठेवायचे नाही, माणसाला शेती, विणकाम, सुतारकाम अशा कामाला लावायचे, हा त्यांचा खाक्या होता. १९५९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्याही आधी वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाण यांनी १९३६ साली असेच काम सुरू केले होते, आणि पुढे १९४९पासून वरोऱ्याला बाबा आमटे यांचे आनंदवन उभे राहिले. परतवाड्याजवळ कोठाऱ्याला मिशनऱ्यांचे कुष्ठरोग रुग्णालय तर ब्रिटिश अमदानीपासूनचे. विदर्भात या कामाची एवढी दाटी का, याचे उत्तर सोपे आहे. रोग इथे होता. जुन्या खानेसुमारीच्या अहवालांत कुष्ठरोग्यांच्या प्रमाणात वऱ्हाडचे नाव वरच्या रांगेत येत असे.

दुसऱ्या खेपेला ऑक्टोबर संपत आला होता. पाऊस तिथे उभा पडत नाही, आडवा येतो, छत्री उलटी करतो. रस्त्याकडेच्या कचरापेट्यांत मोडक्या छत्र्या पडलेल्या असतात. संग्रहालय उन्हाळ्यापुरते उघडे असते, ते बंद झाले होते. मग मी वाचनालयात बसू लागलो. बाहेर पाऊस आणि आत दिवे, असे तीन आठवडे गेले आणि मला माहीत नसलेली एक गोष्ट हाती आली.

१८५६ साली नॉर्वे सरकारने देशातल्या प्रत्येक कुष्ठरोग्याची नोंदवही सुरू केली. एका रोगाची देशभरची अशी नोंदवही जगात हीच पहिली मानतात. त्या पहिल्या वर्षी नोंद झाली ती जवळपास तीन हजार रुग्णांची आणि पुढच्या शंभर वर्षांत एकूण आठ हजारांहून अधिक नावे तीत चढली. नाव, शेताचे म्हणजे वाडीचे नाव, वय, रोग कधी दिसला, नातेवाइकांत कोणाला होता का, रुग्णालयात कधी आला, कधी मेला किंवा परदेशी कुठे गेला. जिल्ह्यातला डॉक्टर घरोघर जाऊन हे भरून घेई. बर्गनचे हे सारे कुष्ठरोग-दप्तर २००१ साली युनेस्कोने ‘जगाची स्मृती’ या यादीत घेतले. त्यातला बराच भाग आता संगणकावरही पाहता येतो.

आधुनिक साथरोगशास्त्राचे लोक या वहीचे कौतुक करतात ते तिच्यातून निघालेल्या आकड्यांसाठी. माझे लक्ष तिच्यातल्या रकान्यांवर होते. नावासमोर मृत्यूचे वर्ष आहे. माणूस सुटला नाही. आमच्या धाकट्या आजोबांचा जन्म गावच्या कोतवाल बुकात आहे, तो मी स्वतः पाहिला आहे. शेतीच्या कागदांतून त्यांचे नाव एका फेरफाराने निघाले. त्यांनी आपला हिस्सा राजीखुशीने सोडला, असे त्यात लिहिलेले आहे. मृत्यूची नोंद मला आजवर कुठे मिळालेली नाही. नोंद आमच्याकडेही होत होती, फक्त ती नाव काढण्यासाठी होत होती.

रोग होतो कशाने, यावर त्या काळात केवढे वाद होते, तेही त्या पावसात वाचले. बर्गनचे डॅनियल डॅनियलसन आणि ख्रिश्चनियाचे विल्हेल्म बोक या दोन डॉक्टरांनी १८४७ साली कुष्ठरोगावरचा पहिला शास्त्रीय म्हणावा असा मोठा ग्रंथ लिहिला. लक्षणांचे वर्णन अचूक, पण निष्कर्ष असा की रोग आनुवंशिक आहे. डॅनियलसन यांची त्यावर इतकी श्रद्धा की त्यांनी रोग्याच्या गाठीतला अंश स्वतःच्या अंगात टोचून घेतला. काही झाले नाही, आणि त्यांचे मत अधिकच पक्के झाले. तिकडे लंडनचे प्रसिद्ध डॉक्टर जोनाथन हचिन्सन यांनी अखेरपर्यंत धरून ठेवले होते की खराब वासाच्या माशांमुळे कुष्ठरोग होतो. १९०२-०३च्या सुमारास ते हाच सिद्धांत घेऊन हिंदुस्थानात फिरले. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण आणि अंबाडीची भाजी खाणाऱ्या वऱ्हाडातल्या माळकऱ्यांना रोग कुठून झाला, हे त्यांना विचारायला कोणी होते की नाही कोण जाणे!

आनुवंशिकतेच्या समजुतीतला खरा क्रूरपणा असा की तो रोग्यावर थांबत नाही. ‘रक्तपिती घरात आहे’ म्हटले की त्या घरची मुलगी कोणी करत नाही. आमच्या आजोबांच्या दोन बहिणींची लग्ने त्या पौषात ठरायची होती. मी त्यांची बाजू घेत नाही, पण पहाटेची वेळ त्यांनी का निवडली ते समजते.

जानेवारीतल्या खेपेला अंधाराचा अनुभव आला. साडेनऊ उलटून गेल्यावर उजाडायचे आणि चारच्या आत दिवस संपायचा. मेणबत्त्या, खिडक्यांतले कागदी तारे, नाताळचे उरलेले आल्याचे बिस्कीट, यांवर तिथले लोक तो काळ काढतात. दुपारी एखादा तास ढग फाटले की माणसे कामे टाकून बाहेर येतात आणि भिंतीला टेकून तोंड उन्हाकडे करून उभी राहतात. फेब्रुवारीच्या अखेरीस दिवस दहा तासांचा होतो, तेव्हा अख्खे शहर बरे वाटू लागलेल्या आजाऱ्यासारखे दिसते.

अशाच एका फेब्रुवारीच्या अखेरीस, २८ तारखेला, १८७३ साली बर्गनच्या गेर्हार्ड आर्माउर हॅन्सन या बत्तीस वर्षांच्याही आतल्या डॉक्टरने रोग्याच्या गाठीतून काढलेल्या अंशात काडीसारखे बारीक जंतू पाहिले, असे सांगितले जाते. सूक्ष्मदर्शक आरशावर पडणाऱ्या उजेडावर चाले, तेव्हा तिथल्या हिवाळ्यात हे काम किती तासांचे असेल याचा अंदाज मला आता होता. जंतू स्पष्ट दाखवणारे रंजक तेव्हा हाताशी नव्हते. पण हॅन्सनच्या मनात शंका आधीपासून होती. गावोगाव फिरून त्याने पाहिले होते की रोग घराण्याप्रमाणे चालत नाही, सहवासाप्रमाणे चालतो. माणसाला रोग देणारा एखादा जंतू ओळखला जाण्याची ही अगदी पहिल्या काहींपैकी एक वेळ. क्षयाचा जंतू कॉखने दाखवला तो त्यानंतर नऊ वर्षांनी, १८८२ साली. गंमत अशी की हॅन्सन हा डॅनियलसन यांचा सहायक आणि त्याच वर्षी त्यांचा जावई झालेला. सासऱ्याचा आयुष्यभराचा सिद्धांत जावयाने मोडला. बायको मात्र त्याच वर्षी क्षयाने गेली. पुढे १८७९ साली जर्मनीच्या अल्बर्ट नाइसरने हॅन्सनकडूनच नेलेल्या नमुन्यांना रंग देऊन जंतू स्वच्छ दाखवले आणि शोधाचे श्रेय स्वतःकडे घ्यायचा प्रयत्न केला.

हॅन्सनच्या चरित्रात एक काळा डाग आहे आणि बर्गनचे लोक तो झाकत नाहीत. जंतू वाढवून दाखवता येईना, म्हणून १८७९च्या नोव्हेंबरात त्याने आपल्या रुग्णालयातील एका स्त्रीच्या डोळ्यात दुसऱ्या प्रकारच्या रोग्याचा अंश तिला न विचारता टोचला. तिने तक्रार केली. १८८० साली खटला झाला आणि जगप्रसिद्ध होऊ घातलेल्या त्या डॉक्टरची रुग्णालयातली जागा न्यायालयाने काढून घेतली. कुष्ठरोगाचा मुख्य वैद्यकीय अधिकारी म्हणून तो कामावर राहिला, पण शिक्षा झाली. ती बाई गरीब, कोळ्या-शेतकऱ्यांतली, आणि कुष्ठरोगी. १८८० साली अशा बाईची तक्रार न्यायालयाने ऐकून घेतली आणि तिच्या बाजूने निकाल दिला, ही गोष्ट मला जंतूच्या शोधाइतकीच मोठी वाटते.

आता महाराष्ट्राचा धागा. हॅन्सनने जंतू पाहिले त्याच १८७३ साली बर्गनला एक पाहुणा आला होता, हेन्री व्हॅनडाइक कार्टर. वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना ‘ग्रेज ॲनाटॉमी’ ठाऊक असते. त्यातली मूळ चित्रे याच कार्टरची. तो मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीरशास्त्र शिकवत होता आणि काही वर्षे साताऱ्याला सिव्हिल सर्जनही होता. कुष्ठरोग हा त्याचा आयुष्यभराचा ध्यास. रजेवर असताना तो नॉर्वेला गेला, रुग्णालये पाहिली, हॅन्सनचे म्हणणे समजून घेतले आणि १८७४ साली नॉर्वेतल्या कुष्ठरोगावर आणि कुष्ठाश्रमांवर हिंदुस्थानच्या संदर्भासह एक अहवाल लिहिला. हिंदुस्थानातही अशी व्यवस्था उभी करा, असा त्याचा आग्रह होता. बर्गनचा विचार मुंबई इलाख्यात आला तो या माणसाच्या पेटीतून.

त्यानंतर १८९० साली मुंबईत माटुंग्याला बेघर कुष्ठरोग्यांसाठी आश्रम निघाला. तो काढणारे म्युनिसिपल कमिशनर म्हणजे हॅरी अ‍ॅक्वर्थ. मराठीच्या अभ्यासकांना हे नाव वेगळ्याच कारणाने माहीत असते. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्याबरोबर इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे आणि स्त्रियांचे पोवाडे १८९१ साली प्रसिद्ध करणारे अ‍ॅक्वर्थ ते हेच. एकीकडे गोंधळ्यांच्या तोंडचे पोवाडे उतरवून घेणारा आणि दुसरीकडे रस्त्यावरच्या रोग्यांना छप्पर देणारा हा साहेब मला भेटावासा वाटतो. वडाळ्याचे अ‍ॅक्वर्थ रुग्णालय आजही आहे.

पण रुग्णालयाबरोबर कायदाही आला, आणि इथे वाटा वेगळ्या होतात. नॉर्वेत १८७७ आणि १८८५ साली कायदे झाले. दुसऱ्या कायद्याप्रमाणे रोग्याने घरी राहायचे तर वेगळी खोली, वेगळे अंथरूण, वेगळी भांडी हवीत. ते जमत नसेल तर रुग्णालयात जायचे. सक्ती होतीच आणि ती गरिबांवरच पडली, कारण वेगळी खोली असणारे कोळी किती? तरीही घरी राहण्याची एक वाट कायद्यात मोकळी होती आणि रुग्णालयाचा खर्च समाजाने उचलला होता. १८९७ साली बर्लिनला कुष्ठरोगाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिने नॉर्वेच्या अलगीकरणाची पाठराखण केली. हिंदुस्थानात मसुदा आधीपासून घोळत होताच, पुढच्याच वर्षी १८९८चा कायदा झाला. वास्तविक १८९०-९१ साली इथे पाहणी करून गेलेल्या आयोगाने संसर्गाचा धोका अगदी अल्प आहे असे सांगितले होते. तरी या कायद्याने निर्धन कुष्ठरोग्याला वॉरंटाशिवाय पकडण्याचा अधिकार पोलिसांना मिळाला. सार्वजनिक विहिरीवर पाणी भरू नये, खाण्याचे जिन्नस विकू नयेत, भाड्याची गाडी हाकू नये, अशी बंदी घालण्याची सोय त्यात होती. वेगळी खोली देण्याबद्दल त्यात काही नव्हते. हा कायदा देशाच्या कायदेपुस्तकातून निघाला २०१६ साली. नवरा किंवा बायको कुष्ठरोगी आहे एवढ्याच कारणावर घटस्फोट मिळण्याची तरतूद तर २०१९पर्यंत होती.

हे सगळे मी त्या फेब्रुवारीत एका संध्याकाळी मुलीला सांगत होतो. संध्याकाळ म्हणजे दुपारचे साडेचार-पाच. १८९८पर्यंत आल्यावर मी थांबलो आणि मग धाकट्या आजोबांचे सांगितले. जूनमध्ये खोटे बोललो हेही. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘फोटो आहे का?’’ नव्हता. आजोबांच्या लग्नातला एक समूह-फोटो आहे, त्याचा उजवीकडचा भाग कापलेला आहे. तो वाळवीने खाल्ला असे आम्हाला सांगितले होते. वाळवी कात्रीने कापल्यासारखी सरळ खात नाही.

मे महिन्यातले बर्गन सर्वांत सुंदर. वर्षातला सगळ्यात कमी पाऊस मे-जूनच्या सुमारास पडतो, डोंगर हिरवे होतात, वसंतात गल्ल्यांतून मुलांची पारंपरिक पथके ढोल वाजवत संचलन करतात. १७ मेला, १८१४च्या राज्यघटनेचा दिवस म्हणून, सारे गाव लोकरीचे पारंपरिक पोशाख घालून रस्त्यावर येते. आपल्या पंधरा ऑगस्टच्या प्रभातफेरीसारखेच, फक्त आइस्क्रीम जास्त. विद्यापीठ संग्रहालयाच्या बागेत हॅन्सनचा अर्धपुतळा आहे. त्याच्या हयातीतच, १९०१ साली, निरनिराळ्या देशांतून जमवलेल्या वर्गणीतून तो बसवला. भोवती फुलांचे ताटवे होते.

नॉर्वेतून रोग गेला कसा? औषधाने नाही. पहिले खरे गुणकारी औषध अमेरिकेत कार्व्हिलच्या रुग्णालयात १९४१ साली वापरले गेले आणि स्वस्त डॅप्सोन त्यानंतर आले. तोवर नॉर्वेत रोग जवळजवळ संपला होता. अलगीकरणाने गेला, असे हॅन्सन म्हणे. नोंदवहीचा अभ्यास करणाऱ्या पुढच्या संशोधकांनी त्यात राहणीमानाची बाजू दाखवली. घरे मोठी झाली, खाणे सुधारले, रेल्वे आणि पगार आले. शिवाय हजारो लोक अमेरिकेला गेले. त्यांत कुष्ठरोगीही होते. १८८८ साली हॅन्सन स्वतः अमेरिकेत जाऊन मिनेसोटाकडच्या नॉर्वेजियन रोग्यांची घरे हिंडला. त्यांच्या मुलाबाळांत त्याला रोग पसरलेला दिसला नाही. रक्त तेच होते, पण घर ऐसपैस होते.

सेंट यॉर्गनमधले शेवटचे दोन रहिवासी १९४६ साली वारले. पन्नास वर्षांहून अधिक काळ ते तिथे राहिले होते. पाचशे वर्षांनी ती इमारत रिकामी झाली. साधारण त्याच सुमारास इकडे अमरावतीच्या माळावर तपोवनच्या पहिल्या झोपड्या उभ्या राहत होत्या आणि आमच्या गावाहून एक बैलगाडी निघायची होती. या दोन घटना शेजारी ठेवल्या की माझे मन अजूनही थबकते.

आता तर औषध आहे. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने तीन औषधांचा एकत्रित उपचार सुचवला, ज्याला आपण एमडीटी म्हणतो. भारतात तो सुरुवातीला ज्या जिल्ह्यांत राबवला त्यांत आपला शेजारचा वर्धा जिल्हा अगदी पुढे होता. सहा महिने किंवा बारा महिने गोळ्या, फुकट, प्राथमिक आरोग्य केंद्रात. पहिल्या काही मात्रांनंतरच रोगी दुसऱ्याला संसर्ग देण्याच्या अवस्थेत राहत नाही. २००५च्या अखेरीस दहा हजारांत एकाहून कमी रुग्ण, म्हणून देशपातळीवर ‘दूरीकरण’ झाल्याचे जाहीर झाले. तरीही जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतात सापडतात, वर्षाला एक लाखाच्या आसपास. जंतू सावकाश वाढतो, लागण आणि लक्षण यांत सरासरी पाच वर्षे जातात, कधी वीसही. त्यात माणूस चट्टा लपवतो. फिकट किंवा लालसर, न खाजणारा, न दुखणारा, बधिर चट्टा. दुखत नाही म्हणून दाखवत नाहीत, आणि कळले की लपवतात. औषध सुरू होण्याआधी हातापायाच्या नसा गेल्या तर गोळ्यांनी जंतू मरतो, वाकलेली बोटे सरळ होत नाहीत. मग शेजाऱ्याला बोटे दिसतात आणि तो म्हणतो, बघा, रोग बरा होत नाही.

गेल्या वर्षी थंडीत आमच्या कॉलनीत कुष्ठरुग्ण शोध मोहिमेसाठी आशाताई आल्या होत्या. सोबत एक पुरुष कार्यकर्ता, हातात कागद. घरात किती माणसे, अंगावर कुठे चट्टा, मुंग्या, बधिरपणा, भुवया विरळ झाल्या आहेत का. मी आणि पत्नी, दोघांचे ‘नाही’ लिहून झाले. त्या उठू लागल्या तेव्हा मी म्हटले, ‘‘आमच्या घरात एकाला होता. माझ्या आजोबांच्या भावाला.’’

‘‘आता आहेत का ते?’’

‘‘नाही. पन्नासच्या सुमारास तपोवनात गेले होते.’’

‘‘मग त्याचा रकाना नाही, काका,’’ त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, ‘‘नाव काय होतं त्यांचं?’’

मी पूर्ण नाव सांगितले, वडिलांच्या नावासकट. त्यांनी ऐकून घेतले, मान हलवली, फाटकाजवळच्या भिंतीवर खडूने खूण करून तारीख टाकली आणि शेजारच्या घराची कडी वाजवली.